नियम सैल केला, पण कप्पा वेगळा ठेवला

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या तरुणाने डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली. प्रोग्राम आणणे, बसवणे, काढणे ही तिथली कामे 'आप्ट' नावाचा व्यवस्थापक करतो. कुठल्या कोठारातून काय आणायचे, हे त्याला एका साध्या यादीत लिहून द्यावे लागते.

१९९७ साली या मंडळींनी एक सामाजिक करार केला: आमची प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील. ज्याची मूळ संहिता उघडी नाही ते बाजूच्या 'नॉन-फ्री' कप्प्यात. तत्त्व मोठे खरेच. पण वाय-फायच्या चिपला लागणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, कंपन्या बंद ठेवतात. त्यामुळे अधिकृत सीडीवरून प्रणाली बसवली की पुष्कळ लॅपटॉपांवर वाय-फाय चालेना. फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटला फर्मवेअर! शहरात तार जोडून भागते. आमच्या धाराशिवकडच्या खेड्यात, जिथे मोबाईलचाच आधार, तिथे जुना लॅपटॉप मिळालेल्या पोराने काय करावे? फर्मवेअरसहित सीडी होती, पण 'अनधिकृत' म्हणून आडबाजूला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सभासदांच्या मतदानाचा निकाल लागला. करार बदलायला एकास तीन असे बहुमत लागते, तेही मिळाले. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ च्या अधिकृत सीडीत फर्मवेअर आले. मात्र ते मुख्य कोठारात मिसळले नाही. त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा नवा कप्पा केला. ज्याला नको, त्याला ते बंदही ठेवता येते.

शिक्षक असल्याने मला इथे मराठी शुद्धलेखन आठवते. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि मुलांचा जीव भांड्यात पडला. पण केशवसुतांपूर्वीचे पद्य व चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना ते मुळाबरहुकूम छापावे, असेही लेखननियमांत आहे. नव्या लेखणीला मोकळीक, जुन्या ग्रंथांना धक्का नाही.

सवलत आणि शरणागती यांत फरक हाच. सवलत देणारा काय सोडले ते उघड लिहून ठेवतो. शरण जाणारा ते लपवतो. डेबियनवाल्यांनी लिहून ठेवले. पण सोय झाली म्हणून बंद कुलपांची सवय लागू नये. तो कप्पा एक दिवस रिकामा व्हावा, असेच मला वाटते.

असो.