कवळी कुणासाठी?

जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्यांची कवळी लाकडी होती ही दंतकथा अजून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती पाणघोड्याचे सुळे, माणसांचे दात, शिसं आणि धातूच्या स्प्रिंगा यांची होती. स्प्रिंगा वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून दूर ढकलत, म्हणून तोंड नुसतं मिटून ठेवायलाही जोर लागे. १७९८ मध्ये त्यांनी आपले दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांना पत्र लिहिलं. त्यातली तक्रार वाचण्यासारखी आहे: कवळीमुळे ओठ पुढे ढकलला जातो. देशाच्या सर्वांत प्रसिद्ध माणसाला आपला चेहरा कसा दिसतो, याची काळजी होती.

आणि ते माणसांचे दात कुणाचे? वॉशिंग्टन यांच्या इस्टेटीच्या १७८४ च्या हिशेबात गुलामांकडून घेतलेल्या ९ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे. ते दात त्यांच्याच तोंडात गेले का, हे हिशेबवही सांगत नाही. पण व्यवहार स्पष्ट आहे. गरिबाचे दात श्रीमंताच्या तोंडात जात. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून विकले गेले आणि अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असं नावच पडलं. तेव्हाच्या युरोपात कवळी ही मुख्यतः दाखवायची वस्तू होती. जेवायची वेळ झाली की अनेक जण ती काढून ठेवत.

जपानमध्ये मात्र गोष्ट वेगळी होती. वाकायामा भागातली एक बौद्ध भिक्षुणी, नाकाओका तेई, १५३८ मध्ये वारली. तिची कवळी आजही आहे. ती खरोखरच लाकडाची, एका अखंड तुकड्यातून कोरलेली. जपानी कारागीर मेणात तोंडाचा ठसा घेत आणि लाकूड टाळूला इतकं नेमकं बसवत, की स्प्रिंगेची गरजच पडत नसे. पुढच्या काळातल्या कवळ्यांमध्ये दाढांच्या जागी छोटे खिळे ठोकलेले दिसतात. हे खिळे दिसण्यासाठी नव्हते, चावण्यासाठी होते.

सामान्य माणसाच्या तोंडात कवळी आली ती रबरामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कडक केलेलं रबर, म्हणजे व्हल्कनाइट, स्वस्त मिळू लागलं. पण त्याचं पेटंट हाती असलेली कंपनी दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे मागे आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेची. वसुलीच्या मागे लागलेला तिचा खजिनदार जोसाया बेकन याला १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चाल्फंट नावाच्या दंतवैद्याने गोळी घातली. दोन वर्षांनी पेटंट संपलं. पुढे १९३० च्या दशकाअखेरीस ॲक्रिलिक आलं आणि कवळीला हिरडीचा गुलाबी रंग मिळाला.

मग पैशाचा प्रश्न सरकारपुढे आला. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनने सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली आणि कवळ्यांसाठी अंदाजापलीकडे मागणी आली. लोक वर्षानुवर्षं दुखऱ्या हिरड्यांनी जेवत होते, ते आता कळलं. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं. ही सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्याविरोधात राजीनामा दिला. म्हाताऱ्या माणसाचे दात ही गरज की चैन, या प्रश्नावर मंत्रिमंडळात फूट पडली होती.

हे सगळं मी वाचत बसलो, कारण तोच प्रश्न आमच्या घरात आला होता. अण्णा ८६ वर्षांचे. न्यूमोनिया झाला म्हणून आठ दिवस दवाखान्यात होते. तिथे कवळी टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेली होती, ती ताटाबरोबर गेली. नवी करायची का, यावर भावंडांत दोन तट पडले. दादाचं म्हणणं, “या वयात कशाला त्रास? मऊ भात, खिमट खातातच की.” ताईचं म्हणणं, “आल्यागेल्यासमोर अण्णांचं बोळकं बघवत नाही.” एकाला कवळी चावण्याची वस्तू वाटत होती, दुसरीला चेहऱ्याची. आमच्याकडे जपान आणि वॉशिंग्टन दोन्ही होते.

दंतवैद्य बाईंनी अडचण नीट समजावली. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, खालचं जास्त लवकर. त्यामुळे खालची कवळी नीट धरत नाही. शिवाय जीभ आणि गाल वर्षानुवर्षं जुन्या कवळीला सरावलेले असतात. नव्या कवळीशी पुन्हा जुळवून घेणं म्हातारपणी जड जातं. जुनी हातात असती, तर तिची हुबेहूब नक्कल करता आली असती. आता चार-पाच खेपा घालाव्या लागतील आणि तरी ती डबीतच पडून राहण्याची शक्यता आहे.

मग त्या अण्णांकडे वळल्या. “काका, तुम्हाला काय वाटतं?”

अण्णा म्हणाले, “जेवणाचं काही नाही हो. फोनवर माझं बोलणं कळत नाही कुणाला.”

रोज संध्याकाळी त्यांचा साताऱ्याच्या मित्राला फोन असतो. मित्राला ऐकू कमी येतं, यांना दात नाहीत. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न या अक्षरांना दंत्य म्हणतात, कारण जीभ दातांना टेकल्याशिवाय ती नीट उमटत नाहीत. ‘फ’ आणि ‘व’ यांनाही वरचे दात लागतात. हे शाळेत पाठ केलं होतं. त्याचा अर्थ अण्णांच्या फोनमुळे कळला.

आम्ही फक्त वरची कवळी करून घेतली. बोलण्याला ती पुरेशी होती, आणि ती टाळूला धरून राहते. न वापरल्यास कुणी टोकायचं नाही, हेही आधीच ठरलं. अण्णा ती संध्याकाळी फोनच्या वेळी घालतात. जेवताना काढून ठेवतात. दादा म्हणतो पैसे वाया गेले, पण साताऱ्याहून तशी तक्रार नाही.

कवळीत आतल्या बाजूला पारदर्शक ॲक्रिलिकखाली अण्णांचं नाव घालून घेतलं. हे काम छोटं आहे, पण कुणाकडे नवी कवळी होणार असेल तर जरूर सांगा. १७७५ च्या बंकर हिलच्या लढाईत पडलेले डॉ. जोसेफ वॉरन सामूहिक खड्ड्यात पुरले गेले होते. काही महिन्यांनी प्रेतं उकरली, तेव्हा त्यांना ओळखलं ते मित्र पॉल रिव्हिअरने, स्वतः तारेने बसवून दिलेल्या खोट्या दातांवरून. तो कारागीर मित्रच होता, म्हणून जमलं. दवाखान्यात ताटं उचलणाऱ्याला अण्णा कोण हे ठाऊक नसतं. त्याला नाव वाचता आलं, तरी पुरे.