चौदा सामन्यांचा उन्हाळा

18 एप्रिल 2008, शुक्रवार, दुपारचे चार. तुम्ही बंगळूरमधल्या इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडवर उभे आहात. मेट्रोचं स्टेशन शोधू नका. इथे मेट्रो धावायला 20 ऑक्टोबर 2011 उजाडायचा आहे, आणि आत्ता सीएमएच रोडचे दुकानदार ‘आमच्या रस्त्यावरून मेट्रो नको’ म्हणून झगडत आहेत. डोमलूरच्या अंगाने एक विमान खाली उतरतं आणि दोन माणसं बोलता बोलता थांबतात, आवाज गेला की वाक्य पुढे चालू करतात. एचएएलचा विमानतळ जवळच असल्यामुळे इथल्या लोकांना त्याची सवय झाली आहे.

तुमची खोली एका मराठी कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर आहे. काकू किल्ली देतात आणि लगेच मुद्द्याचं सांगतात, “जेवण रोज साडेआठला. आज मॅच आहे, आज सातलाच वाढते.” मग आवाज किंचित खाली आणून, “आपला राहुल कॅप्टन आहे ना.”

‘आपला’ म्हणायला त्यांच्याकडे कारण आहे. राहुल द्रविडचं घर याच इंदिरानगरात. जन्म इंदूरचा, घरात मराठी. वडील शरद द्रविड किसान कंपनीत होते, म्हणून मुलाला ‘जॅमी’ हे टोपणनाव चिकटलं. आई पुष्पा द्रविड इथल्याच विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुकला शिकवायच्या. तेरा वर्षांनी एका जाहिरातीत हाच माणूस गाडीच्या छतातून बाहेर येऊन ‘इंदिरानगर का गुंडा हूँ मैं’ असं ओरडणार आहे आणि देशभर हसू पसरणार आहे. काकूंना हे सांगू नका. त्यांचा विश्वास बसणार नाही.

आयपीएलच्या पहिल्या सामन्यासाठी तुम्ही चिन्नास्वामी स्टेडियमकडे निघता. रिक्षावाला मीटरवर वीस रुपये जास्त मागतो, तुम्ही मान डोलावता. हलसूर, ट्रिनिटी सर्कल, पुढे एमजी रोड. तिथे खोदकामाचे पत्रे लागले आहेत. रिक्षावाल्याचा प्रश्न साधा आहे. उथप्पा आपल्या कोडगूचा, मग तो मुंबईकडून कसा? आणि आपल्या संघात हा दक्षिण आफ्रिकेचा कॅलिस कुठून आला? अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींनी हे कोडं शंभर वर्षांपूर्वीच सोडवलं आहे. तिथे संघ शहराचा असतो, खेळाडू येतात आणि जातात, आणि लोक टोपीवरच्या अक्षरावर प्रेम करतात. आपल्याकडे संघ म्हणजे रणजीचा कर्नाटक, आपली पोरं. आजपासून या शहराला दुसरीच रीत शिकायची आहे.

जानेवारीत विजय मल्ल्या यांनी बंगळूरचा हा संघ 11 कोटी 16 लाख डॉलरला घेतला. त्याहून महाग फक्त मुंबई होती. संघाला नाव मिळालं त्यांच्या व्हिस्कीचं. फेब्रुवारीच्या लिलावात कॅलिस, कुंबळे, बाउचर, श्रीरामपूरचा झहीर खान, मुंबईचा वासिम जाफर, चंद्रपॉल अशी माणसं जमा झाली. ही नावं वाचून जाणकार म्हणतात, हा तर कसोटी संघ झाला! कर्णधारही तसाच. तीन आठवड्यांपूर्वी द्रविडने चेन्नईत कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या आहेत. गेल्या वर्षीच्या पहिल्या टी-20 विश्वचषकाला मात्र तो, सचिन आणि गांगुली गेलेच नव्हते. हंगाम सुरू होण्याआधीच ठपका ठेवायची जागा ठरून गेली, असं मला वाटतं.

आठ वाजतात. लेझरचे झोत, ढोल, अमेरिकेहून आलेल्या चीअरलीडर. तुमच्या शेजारी बसलेले आजोबा इथे कसोटी बघायला पुळिओगरेचा डबा घेऊन यायचे, आज डबा आत सोडला नाही म्हणून ते खट्टू आहेत. द्रविड नाणेफेक जिंकतो आणि क्षेत्ररक्षण घेतो. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं, फलंदाजी घे! आवाज घशातच राहतो.

प्रवीण कुमारच्या पहिल्या षटकात विशेष काही घडत नाही. आयपीएलची पहिली धाव लेगबायची. ब्रेंडन मॅक्युलमला पहिल्या सहा चेंडूंवर एकही धाव मिळत नाही, आजोबा समाधानाने मान हलवतात. मग झहीर येतो. चौकार, चौकार, षटकार, चौकार. स्टेडियम आधी दचकतं आणि मग, इथे नीट बघा, टाळ्या वाजवतं. समोरचा संघ कोलकात्याचा, मारणारा न्यूझीलंडचा, झोडपला जातोय तो आपला गोलंदाज, आणि माणसं उभी राहून दाद देत आहेत. कोणाच्या बाजूने ओरडायचं हे अजून ठरलेलं नाही. चेंडू गच्चीवर जातो, चेंडू प्रेक्षकांत येतो. 73 चेंडूंत नाबाद 158, त्यात 13 षटकार. कोलकाता 3 बाद 222.

मग बंगळूरचा डाव. द्रविड स्वतः सलामीला येतो. ईशांत शर्माचा चेंडू आत घुसतो, यष्ट्या उडतात, 2 धावा. नंतर एक गुटगुटीत गालांचा, एकोणीस वर्षांचा दिल्लीकर येतो. दीड महिन्यापूर्वी क्वालालंपूरला त्याने एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक उंचावला आहे. दिंडाच्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडतो. धाव एक. “हा कोण?” आजोबा विचारतात. “विराट कोहली,” तुम्ही म्हणता. “असू दे,” ते म्हणतात आणि धावफलकाकडे वळतात.

82. सोळाव्या षटकाचा पहिला चेंडू पडतो आणि सगळं संपतं. दोन आकडी धावा एकट्या प्रवीण कुमारच्या, नाबाद 18. अवांतर धावा 19, म्हणजे संघातल्या प्रत्येक फलंदाजापेक्षा जास्त. 140 धावांनी हार. बाहेर पडताना लोक चिडलेले नाहीत, आणि हे मला त्या रात्रीतलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते मॅक्युलमच्या षटकारांबद्दल बोलत आहेत. हार अजून त्यांची झालेली नाही.

ती व्हायला दहा-बारा दिवस पुरतात. रविवारी वानखेडेवर बाउचरच्या नाबाद 39 धावांनी मुंबईवर विजय मिळतो आणि काकूंच्या दिवाणखान्यात जमलेली गल्लीतली पोरं सोफ्यावर उड्या मारतात. काका सेट मॅक्सचा आवाज वाढवतात. मग इथेच राजस्थानकडून सात गड्यांनी हार, चेन्नईकडून 13 धावांनी, दिल्लीत 10 धावांनी. सकाळी दर्शिनीत उभ्याने बाय-टू कॉफी पिताना तुमच्या कानावर पडणारी भाषा बदललेली असते. आता ‘त्यांनी’ हरवलं नाही, ‘आपण’ हरलो. प्रवीण कुमारला शेवटची षटकं द्यावीत की नाही यावर बँकेतला कारकून आणि दूधवाला दोघेही तावातावाने बोलतात. 3 मे ला डेक्कनवर 3 धावांनी विजय मिळतो तेव्हा हंड्रेड फीट रोडवर हॉर्न वाजतात. मनसोक्त वाजू द्या. या हंगामात घरच्या मैदानावर सात सामने आहेत आणि जिंकलेला हा एवढाच.

पुढचे पंधरा दिवस कठीण आहेत. पंजाबकडून हार. लगेच संघाचे मुख्य कार्यकारी चारू शर्मा यांना जावं लागतं, त्यांच्या जागी ब्रिजेश पटेल येतात. संघाची निवड द्रविड आणि शर्मा यांच्यावर सोपवली हे चुकलं, असं मालक उघडपणे बोलून दाखवतात. पेपर काकांच्या हातात आहे. “काय हे,” ते म्हणतात, “माणूस अजून मैदानात उभा आहे.” काका क्रिकेटमधले तज्ज्ञ नाहीत, पण त्यांच्या या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. हरणाऱ्या कर्णधाराला जाब विचारावा, जरूर विचारावा, पण हंगाम संपल्यावर. द्रविड उत्तर देत नाही. कोलकात्यात पावसाने सोळा षटकांच्या केलेल्या सामन्यात 5 धावांनी हार येते, तेव्हाही नाही. 10 मे ला बंगळूर विधानसभेसाठी मतदान करतं आणि मतदानाच्या रांगेतही फलंदाजीचा क्रम बदलावा का यावर मतं पडतात. 12 मे, मोहाली, नऊ गड्यांनी हार.

13 मे च्या संध्याकाळी जयपूरमध्ये स्फोट होतात. टीव्हीवर बाजारातली चित्रं दिसू लागतात. चार दिवसांनी बंगळूरला त्याच शहरात खेळायचं आहे आणि सामना होईल की नाही हे कोणाला सांगता येत नाही. तो होतो. राजस्थान 197 करतं, बंगळूरचे गडी एका टोकाने पडत राहतात. दुसऱ्या टोकाला द्रविड. ज्याच्याबद्दल टी-20 त्याचं काम नाही असं महिनाभर लिहिलं गेलं, तो 36 चेंडूंत नाबाद 75 काढतो. सामना 65 धावांनी जातो. दिवाणखान्यात फक्त काकू आणि तुम्ही उरला आहात, पोरं केव्हाच उठून खेळायला गेली. काकू शेवटच्या चेंडूपर्यंत उठत नाहीत.

19 तारखेला दिल्लीकडून सलग पाचवी हार. आता उपान्त्य फेरीचा विषय संपला. अशा वेळी संघ कसा खेळतो ते बघायला थांबा, कारण आता काहीतरी सुंदर घडणार आहे. 21 मे, चेपॉक. बंगळूरच्या धावा अवघ्या 126, समोर धोनीचं चेन्नई. कुंबळे चेंडू हातात घेतो आणि तीन बळी मिळवतो. चेन्नई 14 धावांनी कमी पडते. ज्यांना म्हातारा कसोटी संघ म्हणून हिणवलं, त्यांनी छोटी धावसंख्या चिकाटीने राखली, अगदी कसोटीतल्यासारखी.

23 मे च्या मध्यरात्रीनंतर एचएएलवरून प्रवासी विमानं सुटणं बंद होतं. देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आहे, शहरापासून दूर. शनिवारी सकाळी काकू चहा गाळता गाळता सवयीने बोलायचं थांबतात, विमान येतच नाही. रविवारी, 25 मे ला, विधानसभेचा निकाल. दिवसभर टीव्हीवर जागांचे आकडे आणि येडियुरप्पांचा चेहरा. हैदराबादचा सामना लागला की काका चॅनल बदलतात. पाच गड्यांनी विजय, चौथा आणि शेवटचा. 28 ला मुंबई इथे येते आणि नऊ गड्यांनी जिंकून जाते. चौदा सामने, दहा पराभव, आठ संघांत सातवा क्रमांक. 1 जूनला चषक उचलला तो राजस्थानने, लिलावातल्या सर्वांत स्वस्त संघाने.

निघायच्या आदल्या रात्री गल्लीतला एक पोरगा तुम्हाला विचारतो, “अंकल, पुढच्या वर्षी जिंकू ना?” त्याच्या अंगावर रस्त्यावरून घेतलेली लाल जर्सी आहे. तुम्हाला माहीत आहे की पुढच्या वर्षी जोहान्सबर्गला अंतिम सामना 6 धावांनी जाणार आहे. 2011 आणि 2016 चे अंतिम सामनेही जाणार आहेत. ‘ई साला कप नमदे’ ही घोषणा जन्माला येईल आणि दरवर्षी तिची थट्टा होईल. 3 जून 2025 ला, अहमदाबादेत, 6 धावांनीच चषक मिळेल. तेव्हा कर्णधार असेल रजत पाटीदार, द्रविडच्या जन्मगावचा, इंदूरचा. आणि दुसऱ्याच दिवशी याच चिन्नास्वामीच्या फाटकांबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत अकरा माणसं चेंगरून मरतील. तो पोरगा तेव्हा पंचविशीत असेल. त्याला तुम्ही फक्त एवढंच सांगू शकता की गर्दीत फाटकाजवळ उभा राहू नकोस. तेवढं सांगा.

आणि कधी कोणी 2008 चा हा हंगाम काढून द्रविडला हसलं, तर त्या वर्षीचे आकडे त्याच्यासमोर ठेवा. त्या हंगामात बंगळूरकडून सर्वाधिक धावा कर्णधाराच्याच होत्या: 371.