माय, मारिया आणि मामा

'आपोआप' या शब्दाची मला जुनी धास्ती आहे. आमच्या सोसायटीतली आपोआप भरणारी टाकी वर्षातून चार वेळा जिना धुऊन काढते, तेही पाणीकपातीच्या दिवशी. तरीसुद्धा २०१८ साली आमच्या पतपेढीत तीन लिनक्स सर्व्हर आले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, डेटाबेस हाताने कशाला बसवायचा? माझी स्क्रिप्ट आहे. एक बटण दाबायचं आणि चहा प्यायचा." चहाचा उल्लेख आला की माझी विवेकबुद्धी नेहमीच रजेवर जाते. मी पतपेढीचा मानद चिटणीस. मानद म्हणजे, मान नाही आणि धनही नाही.

रविवारी रात्री बटण दाबलं. चहा झाला. पडद्यावर मात्र निराळंच चाललेलं. यंत्र म्हणे, बसवलं. मग म्हणे, पासवर्ड सापडत नाही. मग म्हणे, पुसतो. मग पुन्हा बसवलं! रांगोळी काढावी, नाक मुरडावं, पुसावी आणि पुन्हा काढावी, असा प्रकार.

आता याचं मूळ शोधायचं तर थेट स्कँडिनेव्हियात जावं लागतं. मायकेल विडेनियस नावाच्या फिनिश गृहस्थाने स्वीडनमधल्या भागीदारांबरोबर १९९५ साली हा डेटाबेस काढला आणि त्याला आपल्या लेकीचं नाव दिलं. लेकीचं नाव माय! आपल्याकडे माय म्हणजे आई. तिकडे ती लेक. (उच्चार तिकडे वेगळा करतात म्हणे, पण लिहिताना आपली मायच.) झाला मायएसक्यूएल. २००८ साली सन कंपनीने तो सुमारे शंभर कोटी डॉलरना घेतला आणि २०१० मध्ये ओरॅकलने सनलाच पोटात घातलं. विडेनियस त्याआधीच बाहेर पडले होते. डेटाबेसचा कोड सर्वांना खुला होता, त्यामुळे तो उचलून २००९ साली त्यांनी शेजारीच दुसरं दुकान थाटलं. पाककृती नेता आली, पाटी तेवढी नेता येईना, ती विकलेली. मग धाकट्या लेकीचं नाव दिलं: मारियाडीबी.

मारिया गुणी. ताईच्या आज्ञा, ताईच्या फायलींची जागा, सगळं तिने जसंच्या तसं ठेवलं. 'मायएसक्यूएल' अशी हाक मारली तरी ओ द्यायची. म्हणून २०१७ साली डेबियन लिनक्सच्या नवव्या आवृत्तीने ताईच्या जागी तिला बसवलं, तर पुष्कळांना पत्ताच लागला नाही. आमच्या भाच्यालाही नाही. त्याने स्क्रिप्ट लिहिली होती ऑफिसातल्या दुसऱ्या जातीच्या लिनक्सवर, खऱ्याखुऱ्या ताईसाठी. आमच्या सर्व्हरवर होतं डेबियन. हाक ताईला, आली धाकटी.

बरं, दोघींच्या किल्ल्या ठेवायच्या तऱ्हा वेगळ्या. फार पूर्वी ताईच्या घराला कुलूपच नसे. 'रूट' म्हणजे घरचा कर्ता, तो पासवर्डाशिवाय आत. पुढे २०१५ साली ५.७ आवृत्ती आली. तिथे ताई स्वतःच एक अगम्य पासवर्ड बनवते आणि लॉग नावाच्या रोजनिशीत लिहून ठेवते. भाच्याची स्क्रिप्ट ती रोजनिशी चाळायची. आणि डेबियनवरच्या मारियाकडे किल्लीच नाही! तिथे ओळखीचा गुरखा. सर्व्हरचा कर्ता स्वतः दारात आला की चेहरा बघून आत सोडतो. रोजनिशीत पासवर्ड नाही, कारण पासवर्डच नाही. स्क्रिप्टने मात्र अर्थ काढला की मांडणी फसली. आणि फसली तर काय करायचं, तेही भाच्याने दूरदृष्टीने लिहून ठेवलं होतं: डेटाची सगळी फोल्डरं पुसून पुन्हा सुरुवात.

हे हसत हसत ऐकताना मला एकदम तिसरा सर्व्हर आठवला.

"अरे, तिसऱ्यावर मी परवा हाताने बसवलंय. खाती चढवलीत त्याच्यावर. काल दिवसभर काउंटर त्याच्यावरच चालला."

भाचा पांढरा पडला. "मामा, तुम्हीच म्हणालात ना, तिन्हींवर चालव?"

म्हणालो होतो. चहाच्या भरात.

शुक्रवारची बॅकअप होती, देवाची कृपा. शनिवारची नव्हती. भाच्याने स्क्रिप्टमधली पुसायची ओळ आधी काढली, मग रोजनिशीची. मारियाला थेट गुरख्याकरवी गाठलं आणि पंधरा मिनिटांत तिन्ही सर्व्हर उभे केले. शनिवार उभा करायला मात्र स्क्रिप्ट नव्हती. कपाटातून त्या दिवसाच्या भरणा-पावत्यांचा गठ्ठा काढला. मी वाचायचं, त्याने चढवायचं. पिग्मीचे वीस, पन्नास, वीस. एका आजींनी नातवाच्या खात्यात एकशे एक भरले होते आणि पावतीवर थरथरत्या अक्षरात कारणही लिहिलं होतं, 'पास झाला म्हणून'. भाचा क्षणभर थांबला. म्हणाला, "मामा, आकडा पुन्हा सांगा, नीट."

पहाटे पाचला बेरीज जुळली. भाचा उठला आणि म्हणाला, चहा मी करतो. मी म्हटलं, नको.