बारामती पायी पाहताना

पुण्याहून येणारे पाहुणे रुंद रस्ते, कॉलेजं आणि एमआयडीसी बघत बारामतीत शिरतात. जुनं गाव बघायचं तर गाडी बाहेर ठेवून कऱ्हेकाठी यावं लागतं. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हापासून मी मुलांना ही फेरी घडवते. आता कोणी हौसेनं विचारलं तर त्यालाही. सुरुवात नेहमी बाबूजी नाईकांच्या वाड्यापासून.

नाईक म्हणजे मूळचे जोशी. घराणं कोकणातलं, धंदा सावकारीचा. पहिल्या बाजीरावांनी मोहिमांसाठी ज्यांच्याकडून कर्जं उचलली, त्यांतले हे एक. शिवाय सोयरीक होती: बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली. १७४० मध्ये बाजीराव गेले, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना. पुढे कर्नाटकातही बाबूजींचं बस्तान बसलं नाही. त्यामुळे पेशव्यांमागे तगादा लावणारा सावकार एवढीच त्यांची ओळख उरली. मला हा अन्याय वाटतो. या वाड्याच्या आश्रयाला मोरोपंत होते.

मोरोपंत पराडकरांचं मूळ गाव राजापुराकडचं सौंदळ. जन्म १७२९ मध्ये, पन्हाळ्यावर. वडील नाईकांच्या पदरी आले, मागोमाग पंतही आले, आणि १७९४ मध्ये देह ठेवेपर्यंत, म्हणजे चाळीसेक वर्षं, पुराण सांगत आणि आर्या रचत इथंच राहिले.

वाड्याच्या भिंतीच्या सावलीत मी मुलांना बसवते आणि सांगते, ओठाला ओठ न लावता रामाची गोष्ट सांगा. प, फ, ब, भ, म वर्ज्य. पहिल्याच शब्दाला गाडी अडते, कारण ‘राम’च म्हणता येत नाही. लक्ष्मण गेला, हनुमान गेला. सीता तेवढी राहते. मग एखादी चुणचुणीत मुलगी ‘दशरथाचा थोरला’ असं शोधून काढते आणि गोष्ट दोन पावलं पुढे सरकते. तेव्हा मी सांगते, पंतांनी असं अख्खं रामायण रचलंय, त्याला ‘निरोष्ठ रामायण’ म्हणतात. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर सांगतात, एकेकाची करामत निराळी. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडतं, “बाई, मोरोपंतसुद्धा म्हणता येत नाही!” दुसरा म्हणतो, “बारामतीपण नाही!” पंडिती, अवघड म्हणून बाजूला ठेवलेल्या कवीशी मुलांची गट्टी जमते ती अशी. भाषेशी इतकं खेळायला निवांतपणा लागतो, आणि पंतांना तो मिळाला सावकारीच्या पैशातून. बाबूजींच्या खात्यात हे कुणी जमा धरत नाही.

काशीविश्वेश्वर आणि सिद्धेश्वर ही दोन्ही देवळं दाखवून मी लोकांना नदीपाशी नेते. बहुतेकांची इथं निराशा होते, कारण कऱ्हा पावसाळ्यापुरती. एवढ्या नदीच्या जिवावर आजची बारामती उभी राहिलेली नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून नीरा डाव्या कालव्याचं खोदकाम निघालं. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं, भाटघर धरणाची साठवण पाठीशी आली आणि कालवा बारामतीवरून इंदापूर तालुक्यात गेला. पण ज्वारी-बाजरीवर जगणारा इथला शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घ्यायला लगेच पुढे आला नाही. पाऊस पडला तर विकतचं पाणी कशाला, हा त्याचा हिशेब कोरडवाहू माणसाचा होता, आणि त्या काळी तो रास्तच होता.

उसाचा जम बसवण्यात मोठा वाटा सासवडच्या माळ्यांचा. सासवडही कऱ्हेकाठचंच. फुलमळे आणि भाजीपाला पिकवलेली, खताची आणि पाळीच्या पाण्याची जाण असलेली ही माणसं कालव्यावर आली, खंडानं जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं चालवली. कोकणातला सावकार, पन्हाळ्याचा कवी, भाटघरचं पाणी आणि सासवडचे माळी, यांतलं काहीच मूळचं इथलं नाही. गावाचा अभिमान मलाही आहे, पण तो सांगताना ही नावं वगळलेली मला चालत नाहीत.

माळ्यांतले पुष्कळजण पुढे नव्या कालव्यांमागे गेले. १९३० च्या दशकात त्यांनी अकलूजजवळ माळीनगर वसवलं आणि तिथं स्वतःचा साखर कारखाना काढला. ज्यांना वेळ असतो, त्यांना मी इंदापूरमार्गे तिकडेही जाऊन यायला सांगते.