एका चौकांतील दोन स्मारकें

शाळेंत इतिहास शिकवितांना मी मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेत असें. कोणतें साल कोणास विजयाचें आणि कोणास शोकाचें, हा प्रश्न मात्र वर्गांत क्वचितच निघे. झेक लोकांच्या राजधानींत, प्राग शहराच्या जुन्या चौकांत, तोच प्रश्न दगडांच्या रूपानें उभा आहे.

यान हुस या धर्मसुधारकास १४१५ सालीं जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या अनुयायांचा काळ हाच झेक राष्ट्राचा उत्कर्षकाळ, असें १९ व्या शतकांत पलात्स्की या इतिहासकारानें प्रतिपादिलें. पुढें १६२० सालीं प्रागजवळील श्वेतगिरीच्या लढाईंत बोहेमियांतील बंडखोरांचा हॅब्सबर्ग बादशहाच्या फौजेनें पराभव केला. १६२१ सालीं बंडाच्या २७ पुढाऱ्यांना याच चौकांत देहांत शासन झालें. त्यांच्या स्मरणार्थ तेथील फरसबंदींत २७ क्रूस बसविलेले आहेत.

१६५० सालीं या चौकांत कुमारी मेरीचा स्तंभ उभा राहिला. १९१५ सालीं, हुसच्या मृत्यूस ५०० वर्षें झालीं तेव्हां, त्याचेंहि स्मारक तेथें झालें. २८ ऑक्टोबर १९१८ रोजीं झेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला, आणि ३ नोव्हेंबरला जमावानें मेरीचा स्तंभ पाडला. श्वेतगिरीच्या पराभवाचें तें चिन्ह आहे, अशी लोकांची समजूत होती. स्तंभ उभारणारा बादशहा हॅब्सबर्ग घराण्यांतला, हें खरें. परंतु तो उभारला होता १६४८ सालीं स्वीडिश सैन्यापासून शहर वांचलें याच्या कृतज्ञतेनें. त्या वेळीं प्रागचे नागरिक आणि विद्यार्थी स्वतः लढले होते! पूर्वजांच्या पराभवाचा डाग पुसावयास गेलेल्या हातांनीं त्यांच्याच पराक्रमाची खूण पुसली.

राष्ट्राध्यक्ष झालेले मासारिक हे हुसच्या परंपरेंत राष्ट्राचा आत्मा पाहत. इतिहासकार पेकार्झ यांस तें मान्य नव्हतें. श्वेतगिरीनंतरचा कॅथॉलिक काळहि झेकांचाच, असें त्यांचें म्हणणें. हा वाद पुस्तकांत संपला नाहीं. स्तंभाची प्रतिकृति २०२० सालीं पूर्वीच्या जागीं उभी राहिली, तीहि बऱ्याच विरोधानंतर.

आज हुस आणि मेरी एकाच चौकांत आहेत, आणि जवळच ते २७ क्रूसहि आहेत. स्तंभ पाडावयास एक दिवस पुरला. तो पुन्हां उभा राहावयास शंभरांवर वर्षें लागलीं. आतां पुन्हां वर्गांत उभें राहण्याचा योग आला, तर १६२० हें साल फळ्यावर लिहून मी मुलांना प्रथम विचारीन, “हें साल कोणाचें?”