अठरा तास आणि साडेसहा वर्षं

आज आपण पुलांविषयी बोलणार आहोत, पण जुना पूल पाडल्यापासून नवा सुरू होईपर्यंतच्या काळाविषयी. नोंदींमध्ये पुलाच्या दोन तारखा सापडतात, बांधल्याची आणि पाडल्याची. मधला काळ सहसा कुणी लिहून ठेवत नाही. शेजारपाजारच्या माणसांना मात्र तोच काळ आठवतो.

सुरुवात मुंबईच्या रुळांपासून करू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे शहर वाढत गेलं आणि रुळांनी त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग केले. ते जोडायला पूल आले. मशीद बंदरचा कर्नाक पूल १८६८ चा. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक १८७९ चा, तो १९२३ मध्ये पुन्हा बांधला. परळ-प्रभादेवीचा एल्फिन्स्टन १९१३ चा. म्हणजे हे पूल मुळात रेल्वेने केलेल्या अडचणीवरचा उपाय होते, हे ध्यानात ठेवू या.

आता हँकॉककडे येऊ. तो जुना होताच, शिवाय बुटका होता. मध्य रेल्वे ओव्हरहेड वायर १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर नेत होती. दाब वाढला की वायर आणि पूल यांच्यात जास्त अंतर सोडावं लागतं. ते हँकॉकखाली मिळत नव्हतं. १० जानेवारी २०१६, रविवार. त्या दिवशी १८ तासांचा ब्लॉक घेऊन पूल पाडला. गाड्या किती वाजता थांबणार, किती वाजता सुटणार, सगळं आधी ठरलेलं. लाखो प्रवाशांचा प्रश्न होता, तेव्हा हे हवंच.

पण नवा पूल वाहनांसाठी सुरू झाला ऑगस्ट २०२२ मध्ये! रेल्वेचे १८ तास, शेजाऱ्यांची साडेसहा वर्षं.

या वर्षांत काय झालं? एका बाजूला डोंगरी, दुसऱ्या बाजूला माझगाव. कुणाची शाळा पलीकडे, कुणाचं काम पलीकडे. पूल पाडण्याआधी पायी जाणाऱ्यांसाठी पादचारी पूल उभा केलेला नव्हता. मग माणसं रूळ ओलांडू लागली, दप्तरं घेतलेली मुलंसुद्धा. प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेलं. उशिराची कारणं खरी होती. पूल उंच करायचा तर त्याचा चढही वाढतो, आणि तिथे तर इमारती अगदी रस्त्याला खेटून. पण ही कारणं नव्या पुलाची झाली. चालणाऱ्या माणसाच्या सोयीला त्यांची आडकाठी का व्हावी?

कुणी म्हणेल, रुळांवर काही बांधायचं म्हणजे वेळ लागणारच. तर आपल्यासमोर एक उदाहरण आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे लष्कराने नवा पादचारी पूल बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस खुला झाला. पाच महिने! म्हणजे जमतं. फक्त त्यासाठी आधी २३ माणसं जावी लागली, हे बोलताना आपली जीभ अडखळते.

२०२५ मध्ये एल्फिन्स्टन पुलाची पाळी आली. एप्रिलमध्ये तो बंद करायचं ठरलं, पण लगतच्या रहिवाशांनी हरकत घेतली. आमच्या घरांचं काय ते आधी सांगा, मग पूल बंद करा, एवढंच त्यांचं म्हणणं. अखेर १२ सप्टेंबरला पूल बंद झाला. त्या काही महिन्यांना आपण ‘विलंब’ म्हणतो. आम्हाला वाटतं, इतिहासाने त्याला वेगळा शब्द द्यावा. हँकॉकच्या वेळी जे प्रश्न पूल पाडल्यावर न्यायालयात विचारले गेले, तसे प्रश्न इथे शेजाऱ्यांनी पूल पाडण्याआधी रस्त्यावर येऊन विचारले.

यातून शिकायचं ते क्रमाविषयी आहे. आधी पायवाट, मग घरांचा निकाल, आणि त्यानंतर हातोडा. गाडी थांबली तर जाब विचारणारं वेळापत्रक असतं. गल्लीला वेळापत्रक नसतं, म्हणून तिचे तास कुणी मोजत नाही. ते मोजायचं काम यापुढे इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी मिळून करायला हवं.

आता प्रश्न घेऊ.