विटांच्या दर्शनी भिंतीमागचे घर

पूर्व इंग्लंडमधल्या जुन्या विटांच्या शेतघराचे वय दर्शनी भिंतीवरून ठरवू नये. आधी धुरांडे कुठे आहे ते पाहावे.

सफक आणि एसेक्समध्ये बांधकामाचा चांगला दगड फारसा नाही, त्यामुळे मध्ययुगीन शेतकऱ्याचे घर ओकच्या लाकडी सांगाड्याचे असे. मधला दिवाणखाना छपरापर्यंत मोकळा असे, जमिनीवर मधोमध आगटी पेटे आणि धूर छपरातून झिरपत बाहेर पडे. सोळाव्या-सतराव्या शतकांत अशा घरांत विटांचे धुरांडे उभे राहिले आणि वरचा मजला घालता आला. म्हणून माळ्यावरचे वासे काजळीने माखलेले असतील, तर घर धुरांड्याहून जुने. सतराव्या शतकात नव्याने बांधलेल्या घरांत धुरांडे मध्यावर, त्याला पाठीला पाठ लावून दोन चुली आणि दार उघडताच समोर धुरांड्याचीच भिंत, ही मांडणी रूढ झाली. अठराव्या शतकात धुरांडी दोन टोकांच्या भिंतींकडे सरकली. मध्ये जिना आला, दर्शनी खिडक्या समतोल झाल्या.

ही नवी चाल परवडावी म्हणून अनेकांनी जुना सांगाडा तसाच ठेवून पुढे फक्त विटांचे आवरण चढवले. ते ओळखता येते. फ्लेमिश बाँड या विटा रचण्याच्या पद्धतीत एकाच थरात विटेची लांब बाजू आणि आखूड तोंड आलटून पालटून दिसते. नऊ इंची भिंतीत ते तोंड आरपार गेलेल्या अख्ख्या विटेचे असते. साडेचार इंची आवरणात मात्र गवंडी विटा अर्ध्यावर तोडून तोंडे दाखवतो. खिडकीच्या बाजूला भिंतीची जाडी मोजली की पुष्कळसा उलगडा होतो.

विटेचा आकारही बोलतो, पण बेताने. 1784 मध्ये विटांवर दर हजारी कर बसला, तेव्हा काहींनी मोठ्या विटा पाडल्या; 1803 मध्ये मोठ्या विटांवरचा कर दुप्पट झाला आणि 1850 मध्ये कर उठला. नुसत्या मोठ्या विटेवरून साल ठरवणे मात्र धाडसाचे.

भिंतीतला हा पुरावा टिकायला हवा, म्हणूनच विटांमधले जुने सांधे सिमेंटने भरणे मला अक्षम्य वाटते. चुना विटेहून मऊ असतो, ओल त्याच्यातून बाहेर पडते. सिमेंट ती विटेत कोंडते. थंडीत ती गोठते आणि विटेचा भाजलेला पापुद्रा सुटतो. यंत्राने सांधे खरवडताना विटांच्या कडाही जातात, मग मोजायला काहीच उरत नाही. दुरुस्तीआधी चार थरांची उंची, सांध्यांची जाडी आणि बाँड नोंदवावा, आणि माळ्यावर चढून वासे पाहावेत.